मधली अडीचशे पानं

हरवलेल्या मुलावरची कादंबरी वाचून झालेल्या माणसाला सहसा दोनच गोष्टी विचारल्या जातात. मूल हरवलं कसं, आणि शेवटी सापडलं का? पहिल्याचं उत्तर सुरुवातीच्या वीसेक पानांत असतं, दुसऱ्याचं शेवटच्या वीसेक पानांत. तीनशे पानांचं पुस्तक असेल तर मधली अडीचशे पानं उरतात, आणि त्यांची चौकशी कोणी करत नाही. अर्धवट सोडलेल्या प्रतींमधली खूण मात्र बहुधा तिथेच सापडते, शंभराव्या पानाच्या अलीकडे-पलीकडे. "पुढे काही घडतच नाही हो," ही तक्रार. तक्रार खोटी नाही. पण अशा कादंबरीचा वाचकावर जो काही परिणाम व्हायचा तो त्या न घडणाऱ्या पानांत होतो, आणि तो कसा होतो हे ठाऊक असलं तर पुस्तक शंभराव्या पानावर मिटवावंसं वाटत नाही.

आधी सुरुवातीची पानं. पालकाची नजर तीन-चार मिनिटं दुसरीकडे जाते. फोन येतो, सुटे पैसे मोजायचे असतात, धाकट्याच्या चपलेचा अंगठा तुटतो. चांगला लेखक हे कारण मुद्दाम क्षुल्लक ठेवतो. पूर, दंगल, अपघात असं मोठं कारण दिलं की वाचक आईबापांना माफ करतो आणि स्वतःही सुटतो. क्षुल्लक कारणाने तो अडकतो, कारण तशी चार मिनिटं त्याच्याही खात्यावर असतात. बडोद्याच्या खंडेराव मार्केटमध्ये भेंडी निवडताना गेलेली, रावपुऱ्यात स्कूटर लावायला जागा शोधताना गेलेली. नवरात्रात गरब्याच्या मैदानात माइकवरून एखाद्या मुलाचं नाव आणि कपड्यांचा रंग पुकारला गेला की आजूबाजूच्या सगळ्या बायकांचे हात आपापल्या पोरांच्या खांद्यांवर जातात. कादंबरीची पहिली वीस पानं त्या हाताच्या भरवशावर चालतात.

त्या पानांत घड्याळही असावं लागतं, आणि त्याला गणिती कारण आहे. लहान मूल तासाला तीन किलोमीटर चालतं असं धरा. एका तासाने ते जिथे असू शकेल ते वर्तुळ सुमारे २८ चौरस किलोमीटरचं होतं. दोन तासांनी ११३. वेळ दुप्पट, शोधायची जागा चौपट. आणि मूल बडोदा स्टेशनात शिरलं असेल तर वर्तुळही उरत नाही. तिथून एक रूळ अहमदाबादकडे जातो, एक गोध्रा-रतलामवरून दिल्लीकडे, एक मुंबईकडे, आणि मुंबई जवळजवळ ४०० किलोमीटर. वाचक हे गणित मांडत नाही, पण ओळी भराभर मागे टाकू लागतो. म्हणजे पहिली भावना दुःखाची नसते, घाईची असते. लेखकाने चाळिसाव्या पानाच्या सुमारास ही घाई मोडायला हवी. न मोडली तर पुस्तक पाठलागाची कथा होतं, आणि मुलाच्या जागी चोरीला गेलेला हार ठेवला तरी चालेल अशी त्याची गत होते.

मोडायची जागा बहुतेक लेखक पोलीस चौकीत शोधतात, आणि मराठी वाचकाला ठेच लागते तीही तिथेच. हवालदार म्हणतो, "चोवीस तास थांबा, मग तक्रार घेऊ." परदेशी मालिकांतून उचललेला हा प्रसंग. आपल्याकडे असा नियम नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या याचिकेवर आदेश दिला, त्यानुसार मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचाच, आणि मुलाचं अपहरण झालं असावं किंवा ते तस्करीत सापडलं असावं असं धरूनच तपास सुरू करायचा. चार महिन्यांत ठावठिकाणा लागला नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी पथकाकडे द्यायचं.

तपशिलाची एवढी चौकशी कशाला, असं कोणी विचारील. वाचकाचा राग कुणीकडे वळतो हे त्यावर ठरतं म्हणून. 'चोवीस तास' लिहिलं की राग नियमावर जातो आणि तिथेच विझतो. नियम आईच्या बाजूचा आहे आणि समोरचा माणूस मात्र पेन उघडायच्या आधी विचारतो आहे, "घरात काही भांडण झालं होतं का?", हा प्रसंग वेगळा. आई क्षणभर गप्प होते. सकाळी दुधावरून ती मुलावर ओरडलेली असते. इथून पुढे ती स्वतःवर संशय घेऊ लागते, आणि वाचकही तिच्यावर घेऊ लागतो. घाई इथे थांबते.

आता मधली पानं. इथे बडोद्याच्या वाचकाने आपल्या गावाचाच एक ग्रंथ जवळ घ्यावा. भरताचं नाट्यशास्त्र अभिनवगुप्ताच्या भाष्यासह पहिल्यांदा छापलं गेलं ते गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये, छत्तिसावा ग्रंथ म्हणून. रामकृष्ण कवी यांनी संपादलेला पहिला खंड १९२६ चा. सहावा अध्याय, रसांचा, त्याच खंडात आहे. तिथे भरत करुण, म्हणजे शोकाचा रस, आणि विप्रलंभ, म्हणजे ताटातुटीचा, यांच्यात एक रेघ ओढतो. करुण निरपेक्ष, म्हणजे गेलेलं माणूस परत येईल ही आशाच त्यात उरलेली नसते. विप्रलंभ सापेक्ष, त्यात वाट पाहणं आहे, चिंता आहे, उत्सुकता आहे. मूल हरवलेल्या घराला या मांडणीत बसवून पाहा. शोक करायला प्रेत नाही, म्हणून करुण पुरता येत नाही. आशा आहे, म्हणून स्थिती विप्रलंभाची. पण विप्रलंभ हा शृंगाराचा भेद, प्रियकर-प्रेयसीचा. आईला तिथे जागा नाही. पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथाने साहित्यदर्पणात वत्सल हा वेगळा रस मानला, तेव्हा कुठे ती दारापर्यंत आली.

पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासक १९७० च्या दशकात व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. त्यांनाही हीच अडचण दिसली. माणूस शरीराने नाही पण घरात आहे. त्याचं ताट मांडायचं की नाही हे ठरत नाही. अशा दुःखाला शेवट नसतो आणि समाजाकडे त्यासाठी विधी नसतो. आपल्याकडेही दहावा-तेरावा आहे, वर्षश्राद्ध आहे, पण बेपत्ता मुलाच्या पहिल्या दिवाळीला काय करायचं ते कोणत्याच पंचांगात नाही. फराळ करायचा का? शेजारणीने डबा आणून द्यायचा का, आणि दिला तर काय म्हणून? कादंबरीची मधली पानं या डब्यावर चालतात. कायद्याने सात वर्षं माणसाची काही खबर लागली नाही तर तो मृत आहे असं धरता येतं. शाळेचा दाखला, पॉलिसी, रेशनकार्ड यांच्या निमित्ताने कोणीतरी काका हा विषय काढतो, आणि घर दोन भागांत फाटतं. नवराबायको बहुधा वेगवेगळ्या भागांत असतात.

वाचकाचं काय होतं? दीडशेव्या पानाच्या पुढेमागे बऱ्याच जणांच्या मनात एक इच्छा येते, आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. काहीही होऊ दे, पण कळू दे. प्रेत का होईना, सापडू दे. ही इच्छा आली की वाचक दचकतो. आपण एका मुलाचं मरण मागतो आहोत, तेही पुस्तक लवकर संपावं म्हणून. मला वाटतं, ही इच्छा वाचकाकडून काढून घेण्यासाठीच ती पानं लांबवलेली असतात. कारण त्याच पानांत घरातलं कोणीतरी, बहुधा बाप, त्याच इच्छेशी झगडत असतो आणि आईला ती त्याच्या चेहऱ्यावर दिसलेली असते. वाचकाला आता त्याला दोष देता येत नाही. वीस पानांत ही थकवणूक साधत नाही. तिला पानांची संख्याच लागते.

पण नुसती थकवणूक कोणी का सोसावी? इथे पुन्हा अभिनवगुप्त उपयोगी पडतो. रसाच्या आड येणारी सात विघ्नं त्याने मोजली आहेत. तिसरं विघ्न स्वतःच्या सुखदुःखात बुडून जाण्याचं. ज्याचं मन आपल्याच काळजीने भरलेलं आहे त्याची जाणीव समोरच्या गोष्टीवर स्थिर होत नाही. घरात चार वर्षांचं मूल असलेली बाई ही कादंबरी रात्री अकराला वाचते तेव्हा नेमकं हेच होतं. ती पुस्तकातल्या मुलाचा शोध घेत नाही, उठून आपल्या मुलाचं पांघरूण तपासते. अभिनवगुप्ताने यावर उपायही दिला आहे: गाणं, वाद्यं, सजवलेला मंडप, चतुर गणिका. प्रेक्षकाचं मन रंगवून त्याच्या खाजगी दुःखापासून सोडवायचं.

कादंबरीला ना वाद्यं ना मंडप. वाचक एकटा, दिवा एक. ते काम मग मधल्या पानांतल्या बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी करतात. शेजारच्या वाड्याची दुरुस्ती, पाण्याच्या टाकीवरून भांडण, उत्तरायणच्या आधी मांजा रंगवणारे लोक, कोणाचं तरी लग्न ठरणं आणि मोडणं. ज्या परिच्छेदांवरून "हे कशाला?" असं म्हणून नजर घसरते, तेच दुःख वाचण्याजोगं करत असतात. जॉन मॅकग्रेगरची 'रिझर्व्हॉयर १३' (२०१७) हा याचा टोकाचा नमुना. इंग्लंडमधल्या एका डोंगराळ खेड्यात तेरा वर्षांची मुलगी बेपत्ता होते, आणि तेरा प्रकरणांत तेरा वर्षं जातात. पक्ष्यांची घरटी, मेंढ्या, गावातली लग्नं, भांडणं, बदललेले ऋतू. मुलीचं नाव मधूनच येतं. पहिल्या साठ पानांत चीड येते, आणि नंतर केव्हातरी लक्षात येतं की एका मेंढीच्या विण्याबद्दल वाचतानाही आपण तिलाच शोधतो आहोत. ओळी गाळत वाचणाऱ्याला हे मिळत नाही. त्याच्या हाती एक अपुरी राहिलेली पोलीस केस तेवढी लागते.

बडोद्यातल्या मराठी घरात सकाळी गुजराती वर्तमानपत्र येतं. बेपत्ता मुलाची सूचना त्यात ठरलेल्या साच्यात असते. वय, उंची, रंग गव्हाळ, बांधा सडपातळ, अंगात अमुक रंगाचा शर्ट, कोणती भाषा बोलतो. शोधणाऱ्याला उपयोगी पडेल तेवढंच. कादंबरीकाराला हा साचा पाठ हवा, म्हणजे त्यात काय मावत नाही ते लिहिता येईल. मूल जेवताना वरणातली मोहरी बाजूला काढतं, याला सूचनेत रकाना नाही. कच्चे लेखक उलटं करतात. टपोरे डोळे, गालावरची खळी, बोबडं बोलणं, असं कुठल्याही मुलाला लागू पडणारं वर्णन करतात, आणि वाचकाला रडू आलं तरी आठवत काही नाही. भाषेचा रकाना इथे फार बोलका आहे. दांडिया बाजारातलं मूल घरात मराठी बोलतं, गल्लीत गुजराती, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी. फलाटावर अनोळखी माणसाने नाव विचारलं तर ते कोणत्या भाषेत उत्तर देईल? त्याच्या उत्तरावरून रेल्वे पोलीस त्याचं गाव कुठलं ठरवतील? या एका प्रश्नावर दोन प्रकरणं उभी राहू शकतात.

संशयाबद्दल थोडं. अशा कादंबरीचा वाचक प्रत्येक नव्या पात्राकडे चोर म्हणून पाहतो, आणि कोणाकडे आधी पाहतो यावरून त्याला स्वतःची ओळख होते. फुगेवाला, वॉचमन, परप्रांतीय मजूर, दुसऱ्या धर्माचा दुकानदार. दीपा अनप्पारा यांच्या 'जिन पॅट्रोल ऑन द पर्पल लाइन' (२०२०) मध्ये वस्तीतली मुलं एकेक करून नाहीशी होतात, निवेदक आहे नऊ वर्षांचा जय, आणि वस्तीचा संशय हळूहळू मुसलमानांकडे सरकतो. निवेदक मूल असल्यामुळे संशयाला त्याचा आवाज मिळत नाही, आणि वाचकाला आपलाच ऐकू येतो. हे कौशल्य नसेल तर लेखक फुगेवाल्याला दोषी ठरवतो किंवा फुगेवाल्याला संत करतो. दोन्हीकडे वाचक न बदलता सुटतो.

वाचक मंडळात असं पुस्तक घ्यायचं असेल तर काही गोष्टी आधी ठरवाव्यात. तीनशे पानं पाच आठवड्यांत, आठवड्याला साठ. यापेक्षा भरभर वाचलं तर मधल्या पानांचं काम होत नाही, आणि हळू वाचलं तर माणसं गळतात. रात्री पुस्तक मिटताना प्रकरणाच्या शेवटी थांबू नये. तिथे लेखकाने गळ टाकलेला असतो आणि झोप जाते. पुढच्या प्रकरणाची दोन पानं वाचून, एखाद्या साध्या प्रसंगाच्या मध्येच मिटावं. ज्यांच्या घरी मूल गेलेलं आहे, किंवा कोणी निघून गेलेलं आहे, त्यांना पुस्तकाचा विषय आधी सांगावा आणि त्यांनी मागितला तर शेवटही सांगावा. शेवट माहीत असल्याने मधल्या पानांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते फक्त कोड्याचं.

बैठकीत हमखास एक गडबड होते. वीस मिनिटांत गप्पा पुस्तकावरून बातम्यांवर जातात आणि तिथून सल्ल्यांवर. मुलांना एकटं सोडूच नये, जीपीएसची घड्याळं मिळतात, आजकालच्या आया मोबाइलमध्ये. हे पुस्तकापासून पळणं आहे. माझ्याकडून असं झालं नसतं, हे प्रत्येक जण जाहीर करून घेतो आणि पहिल्या वीस पानांतल्या त्या चार मिनिटांतून अंग काढून घेतो. दटावून उपयोग होत नाही. बैठक सुरू करतानाच, जिथे मुलाचा उल्लेखही नाही असं मधलं अर्धं पान कोणीतरी मोठ्याने वाचावं आणि हे इथे का आहे, एवढंच विचारावं. बोलणं पुस्तकात राहतं.

शेवट तीन प्रकारचे. मूल मेलेलं सापडतं; करुण आपल्या जागी येतो आणि वाचक रडून हलका होतो. मूल सापडतच नाही. वाचक रागावतो, आणि काही महिन्यांनी तेच पुस्तक त्याला सगळ्यात जास्त आठवतं. तिसरा शेवट, मूल परत येण्याचा, दिसायला सोपा आणि लिहायला सर्वांत अवघड. भागवताच्या दशम स्कंधात, पंचावन्नाव्या अध्यायात, प्रद्युम्नाची गोष्ट आहे. रुक्मिणीच्या दहा दिवसांच्याही न झालेल्या मुलाला शंबरासुर पळवतो आणि समुद्रात टाकतो. तो तरुण होऊन द्वारकेत परततो तेव्हा आधी बायका त्याला कृष्णच समजून लाजून लपतात. रुक्मिणीला आपलं हरवलेलं मूल आठवतं, डावा बाहू स्फुरतो, पान्हा फुटतो, तरी ती ठामपणे काही म्हणत नाही. माझा मुलगा याच वयाचा झाला असता, हाच तर तो नसेल, असं मनाशी म्हणते. कृष्णाला सगळं ठाऊक असतं आणि तो गप्प उभा राहतो. शेवटी नारद सांगतात. ठाऊक असून गप्प राहणारा हा कृष्ण म्हणजे कादंबरीकार, आणि रुक्मिणीचं ते "झाला असता" म्हणजे मधली अडीचशे पानं.

पुराणात त्यानंतर आलिंगनं होतात आणि कथा पुढे जाते. कादंबरीला तसं जाता येत नाही. मुळात सापडलेलं मूल फलाटावरून थेट आईच्या कुशीत येतच नाही. त्याला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं, ओळख पटवावी लागते, कधी काही दिवस बालगृहात ठेवावं लागतं. बाप आधार कार्डाच्या झेरॉक्स घेऊन बाकावर बसलेला असतो. मूल भिंतीपलीकडे आहे आणि अजून घरी नाही. आणि घरी आल्यावर? चार वर्षांचं गेलेलं तेरा वर्षांचं होऊन आलं आहे, आणि नऊ वर्षं सुरतेच्या किंवा रतलामच्या एखाद्या घरात दुसऱ्या नावाने वाढलं आहे. मराठी विसरलं आहे. आजी त्याला जुन्या नावाने हाक मारते आणि ते वळत नाही. ज्या बाईने त्याला वाढवलं तिला ते आई म्हणतं, आणि तिची आठवण काढून रडतं. खऱ्या आईने तेव्हा काय करावं? हे वीस पानांत उरकत नाही. असा शेवट करायचा तर त्याला शंभर पानं द्यावी लागतील, आणि ती सुरुवातीच्या शोधाशोधीतून कापून द्यावी लागतील. प्रकाशक कुरकुरतील, कारण पुस्तक खपतं ते शोधाशोधीवर.